काहीतरी हललं

पाल भिंतीवर असते तेव्हा ती नसते. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, कॅलेंडरच्या कडेला, देवघराच्या वर ती सकाळपासून बसलेली असते. घरातली माणसं तिच्या खालून जातात-येतात, जेवतात, भांडतात, बातम्या पाहतात. कुणाचं काही बिघडत नाही. मग ती बोटभर सरकते आणि घरात ‘अहो, पाल!’ असा पुकारा होतो. गंमत अशी की पुकारणाऱ्या व्यक्तीचं लक्ष त्या वेळी भिंतीकडे नसतंच. ती कांदा चिरत असते, नाहीतर मोबाइल पाहत असते. डोळ्याच्या कोपऱ्यानं तिला एवढंच कळवलेलं असतं की काहीतरी हललं. काय हललं, ते मान वळवल्यावर कळणार. किंकाळी मात्र मान वळायच्या आधीच निघालेली असते.

मला या क्रमाचं फार कौतुक वाटतं. आधी ‘हललं’, मग ‘काय’. शाळेत बाईंनी आपल्याला आधी कर्ता ओळखायला शिकवलं, क्रियापद शेवटी. मेंदूनं ते व्याकरण मनावर घेतलेलं दिसत नाही. त्याच्याकडे कर्त्यावाचून क्रियापद बिनदिक्कत चालतं.

त्याच शाळेत डोळा म्हणजे कॅमेरा, हेही शिकवलं होतं. उलटी मेणबत्ती, भिंग, पडदा. त्या हिशेबानं हालचाल कळणं अगदी सोपं असायला हवं: मघाशी पाल इथे होती, आता तिथे आहे, म्हणजे ती हलली. दोन फोटो, एक वजाबाकी. डोकं असं चालत असतं तर बरं झालं असतं, पण मेंदू हा हिशेब करत बसत नाही. हालचाल हा त्याच्या लेखी रंगासारखाच स्वतंत्र ऐवज आहे. तो टिपणाऱ्या पेशी वेगळ्या, त्याचा रस्ता वेगळा. काही प्राण्यांत तर हे काम मेंदूपर्यंत जायच्या आधी डोळ्यातच उरकलं जातं.

उदाहरणार्थ, ससा. होरेस बार्लो नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ होते, चार्ल्स डार्विन यांचे पणतू. त्यांनी आणि विल्यम लेव्हिक यांनी १९६५ मध्ये सशाच्या दृष्टिपटलातल्या काही चमत्कारिक पेशींचं कोडं बरंचसं उलगडलं. प्रकाशाचा ठिपका एका दिशेनं गेला की या पेशी कडकडून बोलतात. तोच ठिपका त्याच वाटेनं उलटा आला की मौन. पेशीला ठिपक्याशी कर्तव्य नाही, जागेशीही नाही. तिला फक्त दिशा हवी. एवढ्याशा पेशीला दिशा कशी कळावी?

यासाठी चाळीची लांब गॅलरी डोळ्यांसमोर आणा. एका रांगेत बिऱ्हाडं. चाळीत असा रिवाज आहे की वर्गणीवाले दिसले की प्रत्येक घरानं आपल्या उजवीकडच्या शेजाऱ्याला, आणि फक्त उजवीकडच्याच, खूण करायची: दार लावा. आता वर्गणीवाले डावीकडून आले, तर खूण त्यांच्या एक दार पुढे धावते. पहिलं बिऱ्हाड सापडतं बिचारं, बाकीची सगळी दारं बंद. तेच वर्गणीवाले उजव्या जिन्यानं चढले तर? प्रत्येक घराची खूण, जिथून ते पावती फाडून आले त्याच दाराकडे जाते. पुढची सगळी दारं सताड उघडी. चाळीत कुणालाही मंडळी कोणत्या दिशेनं फिरली याची माहिती नाही, पण शेवटी पावतीपुस्तक पाहून ती कुणीही सांगावी. सशाच्या डोळ्यात शेजारच्या पेशी एकमेकींना नेमकं असंच, एकाच बाजूनं, गप्प करतात. ही कुजबुज पोचवणाऱ्या पेशींना त्यांच्या चांदणीसारख्या फुललेल्या आकारावरून स्टारबर्स्ट पेशी म्हणतात. सशाकडे एका जातीच्या दिशापेशींचे चार गट आहेत: वर, खाली, पुढे, मागे. आभाळातून झेपावणाऱ्या पक्ष्याबद्दल सशाला याहून अधिक तपशील नको असतो. जातकुळी, पिसांचा रंग वगैरे चौकशी करणारे ससे फार काळ टिकले नसावेत.

मांजर, माकड आणि आपण यांनी हे काम बरंचसं वर, मेंदूच्या मागच्या भागाकडे सोपवलं आहे. तिथल्या पेशींचा स्वभाव कळला तो एका अपघातानं. १९५८ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे तरुण भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं म्हणणं ऐकत होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका लावायचा, तो मांजराच्या डोळ्यासमोर पाडायचा आणि पेशी काही बोलते का पाहायचं. तासन्‌तास ठिपके दाखवून झाले. पेशी ढिम्म. मग एकदा काचपट्टी खाचेत सरकवताना पेशीनं एकदम मशिनगन सुरू केली. दोघांनी शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की ठिपक्याचा यात काडीचाही संबंध नाही. सरकणाऱ्या काचेच्या कडेची एक अंधूक सावली मांजराच्या डोळ्यावरून गेली होती आणि त्या सरकत्या, एका ठरावीक कलाच्या रेषेवर पेशी खूश झाली होती. प्रदर्शन ठिपक्यांचं मांडलं होतं, पेशीला आवडली ती मांडामांड. या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. काचपट्टीची कड मात्र अनुल्लेखित राहिली नाही. ह्यूबेल यांनी तिची गोष्ट आयुष्यभर सांगितली, हे मला त्यांच्या नोबेलइतकंच आवडतं.

पुढचा रस्ता थोडक्यात सांगतो, कारण नकाशा जास्त उलगडला तर वाचकाच्या डोळ्यांची हालचालच थांबायची. डोळ्याकडून निघालेले संदेश मेंदूच्या मध्यावर थॅलॅमस नावाच्या ठिकाणी एक थांबा घेतात. माकडात आणि माणसात तिथे सहा थर असतात. चार थरांत लहान पेशी, दोन थरांत मोठ्या. लहान पेशी रंग आणि बारकावे पाहतात. मोठ्यांना रंग कळत नाही, बारकावे कळत नाहीत, पण त्या चपळ असतात. घरोघरी असा एक सदस्य असतो. पुढे हे दोन रस्ते अगदी अलिप्त राहत नाहीत, भरपूर सरमिसळ होते. तरीही मोठ्या पेशींचा बराचसा माल ज्या एका भागात जाऊन पोचतो त्याला एमटी म्हणतात. अमेरिकेत ऑलमन आणि कास, लंडनमध्ये सेमीर झेकी यांनी १९७० च्या सुमारास माकडांमध्ये तो शोधला. तिथल्या बहुतेक सगळ्या पेशी दिशेच्या वेड्या. आपल्याकडे हा भाग कानाच्या मागे, जरा वर असतो. दोन बाजूंना दोन.

हे दोन्ही भाग गेले तर काय होतं, ते एका बाईंमुळे जगाला कळलं. म्युनिकमधल्या योझेफ त्सील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांची हकिगत छापली. वय ४३. मेंदूच्या शिरेत गुठळी झाली आणि दोन्हीकडे, नेमक्या त्याच परिसरात इजा झाली. रंग दिसत होते, वस्तू ओळखू येत होत्या, वाचता येत होतं. फक्त हालचाल दिसत नव्हती. कपात चहा ओतायला घेतला की धार त्यांना गोठल्यासारखी दिसे, हिमनदीसारखी, आणि कपातली पातळी वर चढताना दिसत नसल्यामुळे थांबायचं केव्हा ते कळत नसे. हे वाचताना पहिल्यांदा जरा हसू येतं. मग पुढचं येतं. खोलीत दोनाहून जास्त माणसं चालती-फिरती असली की त्या उठून जात, कारण माणूस इथे असे आणि एकदम तिथे असे, मधला प्रवास गायब. समोरच्याच्या ओठांची हालचाल दिसत नसल्यानं बोलणं समजून घेणं जड जाई. रस्ता ओलांडताना गाडी लांब असे. पाऊल टाकावं तर ती अगदी जवळ. शेवटी त्या आवाज वाढत जातो त्यावरून गाडीचा अंदाज घ्यायला शिकल्या.

शाळेतल्या वजाबाकीच्या हिशेबानं या बाईंना काहीच अडचण यायला नको होती. गाडी तिथे होती, हे दिसलं. आता इथे आहे, हेही दिसलं. दोन्ही फोटो जागेवर, वजाबाकी करायला बुद्धी शाबूत. गाडी हलली असणार हे त्यांना समजत होतंच. दिसत नव्हतं. ठावठिकाणा सगळा हाती आणि चालणं तेवढं हरवलेलं.

आता याच्या बरोबर उलटा अनुभव, आणि हा फुकट मिळतो. १८३४ साली रॉबर्ट अ‍ॅडम्स हे गृहस्थ स्कॉटलंडमध्ये फॉयर्सचा धबधबा पाहायला गेले. पाण्याच्या एका भागावर थोडा वेळ नजर खिळवून त्यांनी ती शेजारच्या खडकावर नेली, तर खडक वर चढू लागला. त्यांनी ते लिहून काढलं. कारणही दिलं, ते चुकलं; डोळ्यांच्या स्नायूंवर त्यांनी विनाकारण आळ घेतला. आज आपण असं समजतो की खाली जाणारं पाणी पाहून पाहून ‘खाली’वाल्या पेशी दमतात, ‘वर’वाल्या ताज्या राहतात, आणि नजर स्थिर वस्तूवर आली की पारडं ‘वर’कडे झुकतं. पण खरी गंमत कारणात नाही. खडक वर चढतो, चढतच राहतो, आणि कुठेही पोचत नाही. त्याची जागा तसूभरही बदललेली नसते. चढण आहे, उंची नाही. अशा पद्धतीनं चालणारी कचेऱ्यांतली कामं आपण सगळ्यांनी कधी ना कधी खेटे घालून पाहिलेली आहेत, पण तिथे निदान टेबलं वर उचलल्यासारखी दिसत नाहीत.

ठोसेघरच्या धबधब्यापाशी पावसाळ्यात हा प्रयोग उत्तम व्हावा. पाणी भरपूर, शेजारी काळा कातळ. पण तिथे जमलेल्या शेकडो लोकांपैकी कुणी कातळ चढताना पाहिल्याचं ऐकिवात नाही. कारण सरळ आहे: सेल्फी घेताना धबधब्याकडे पाठ करावी लागते, आणि पाठीला हा भास होत नाही.

म्युनिकच्या बाईंना जागा दिसे, चाल दिसत नसे. धबधब्यापुढच्या माणसाला चाल दिसते, जागा बदललेली नसते. तिसरी तऱ्हा पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची. डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागून ज्यांची अर्धी दृष्टी गेली होती, अशांना जॉर्ज रिडॉक या डॉक्टरनं तपासलं आणि १९१७ मध्ये लिहिलं की यांतल्या काहींना त्या आंधळ्या भागात वस्तू दिसत नाही, पण ती हलली की हलल्याचं कळतं. आकार नाही, रंग नाही, नुसतं हलणं. मुख्य रस्ता उद्‌ध्वस्त झाला तरी डोळ्याकडून मेंदूच्या जुन्या, आतल्या भागांतून जाणाऱ्या आडवाटा आहेत. त्यांवरून तेवढी बातमी पोचत असावी. पालीची किंकाळी मला या सैनिकांची दूरची नातेवाईक वाटते.

इथे माकडाचा एक किस्सा सांगायलाच हवा. स्टॅनफर्डमध्ये विल्यम न्यूसम आणि मंडळींनी माकडांना पडद्यावर सैरावैरा नाचणारे ठिपके पाहायला शिकवलं होतं. त्यांतले काही थोडे ठिपके एका दिशेनं जात, बाकीचे बेशिस्त. शिस्तीचे ठिपके कोणत्या दिशेला गेले ते माकडानं नजर वळवून सांगायचं आणि बरोबर सांगितलं की घोटभर रस मिळवायचा. माकडं यात तरबेज झाली. मग १९९० मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात त्यांनी एमटीमधल्या एका दिशेच्या पेशींच्या गटाला अगदी बारीक, १० मायक्रोअँपिअरचा विजेचा झटका दिला. ठिपके तेच, पण माकडाचा कौल त्या पेशींच्या दिशेकडे झुकला. माकडाला ढकललं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. त्याला विचारता येत नाही, पण विचारलं असतं तर त्यानं छातीवर हात ठेवून ‘मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं’ असंच सांगितलं असतं, असा माझा अंदाज आहे. माकडाचं मत फिरवायला १० मायक्रोअँपिअर पुरतात. आपल्याला मोबाइल चार्ज करावा लागतो.

हे सगळं जग हलण्याबद्दल झालं. पण आपण स्वतःही हलत असतो, आणि डोळे तर स्वस्थ बसतच नाहीत. दर सेकंदाला दोन-तीनदा ते एकीकडून दुसरीकडे उडी मारतात. प्रत्येक उडीबरोबर दृष्टिपटलावरचं अख्खं चित्र सर्रकन सरकतं, तरी घर हललं असं आपल्याला वाटत नाही. कारण डोळे वळवण्याचा हुकूम निघतो तेव्हा त्याची एक प्रत दृष्टीच्या खात्यालाही जाते: आता जे सरकेल ते आमच्यामुळे, दुर्लक्ष करावे. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याला पापणीवरून बोटानं हळूच ढकललं तर मात्र जग गदगदतं, कारण बोटानं अशी प्रत पाठवलेली नसते. आणि उडी चालू असताना दृष्टी जरा दाबूनच ठेवलेली असते. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे. आपले डोळे हलताना कधी दिसायचे नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला छान दिसतील, आणि हे किती वेळ चालणार असंही तो विचारील.

या यंत्रणेला हटकून चकवणारी जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. दादरला आपली गाडी उभी आहे, खिडकीतून शेजारच्या रुळावरची गाडी दिसते आहे. ती हलते. तत्क्षणी छातीत गार वाटतं: सुटली एकदाची! शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावरही तेच समाधान. मग त्या गाडीचा शेवटचा, गार्डचा डबा निघून जातो, पलीकडचा फलाट दिसतो, आणि आपण होतो तिथेच. मेंदूचा तर्क चुकीचा नव्हता. लाखो वर्षांत डोळ्यांसमोरचं सगळंच्या सगळं दृश्य एका बाजूला सरकलं ते आपण स्वतः चालू लागलो तेव्हाच. पंधरा डब्यांएवढी वस्तू आपण उभे असताना शेजारून निघून जाईल, याची तरतूद जंगलात करायचं कारण नव्हतं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांनी तक्रार करायची, तर गाडी अलगद सुटली की त्यांनाही फारसा सुगावा लागत नाही. त्यामुळे दिवसाढवळ्या, तिकीट काढलेली, सुशिक्षित माणसं एका जागी बसून प्रवासाचं सुख भोगतात. त्यांच्या आनंदात खोट काही नसते.

तिथून चालत गेलं तर शिवाजी पार्क. संध्याकाळी तिथल्या कुठल्याही नेटजवळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अरे, बॉल बघ, बॉल!’ ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद घेतो. त्यात डोळ्यातून मेंदूपर्यंत बातमी जाऊन तिचा अर्थ लागायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातो. म्हणजे आपल्याला दिसतो तो चेंडू नेहमीच मघाचा असतो. २००० साली मायकेल लँड आणि पीटर मॅकलाउड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर नजरेचा माग काढणारा कॅमेरा बसवला आणि यंत्रातून चेंडू सोडले. असं दिसलं की फलंदाज चेंडू सुटताना पाहतो, मग त्याची नजर चेंडूला चक्क सोडून देते, पुढे उडी मारते आणि टप्पा जिथे पडणार तिथे जाऊन थांबते. चेंडू मागून येतो. टप्प्यानंतर नजर पुन्हा थोडा वेळ त्याच्याबरोबर जाते. आणि जितका फलंदाज चांगला, तितकी ही उडी लवकर. म्हणजे शेवटपर्यंत इमानेइतबारे चेंडूकडे पाहणारा मुलगा बाद होणार, आणि सरांचं न ऐकणारा मुंबईच्या संघात जाणार. सरांना हे सांगू नये. तेही आपल्या वेळी चांगले खेळलेले असतात, म्हणजे त्यांनीही कधी ऐकलेलं नसतं.

वेगाची एक बाजू अशी, तशी दुसरी मंद बाजूही आहे. फारच सावकाश हललेलं आपल्याला दिसत नाही. घड्याळाचा तासकाटा, उतरणारं ऊन, वाढणारं रोप. इथे मात्र आपण सगळे म्युनिकच्या बाईंच्या पंगतीला: मघाशी तिथे होतं, आता इथे आहे, मधलं कुणी पाहिलं? पण सुट्या, स्थिर चित्रांतून ते मधलं हलणं डोळ्यांना दाखवता येतं. १९१२ साली हे दोन ठिकाणांहून पुढे आलं, आणि दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

एक होते माक्स वेर्टहायमर. असं सांगतात की सुट्टीवर निघालेले असताना गाडीत त्यांना कल्पना सुचली, म्हणून ते फ्रँकफुर्टला मध्येच उतरले आणि त्यांनी चित्रं फिरवून हलती दाखवणारं एक खेळणं विकत घेतलं. मग रीतसर प्रयोग झाले. थोड्या अंतरावरच्या दोन रेषा एकामागून एक, मध्ये सेकंदाचा साधारण सोळावा-सतरावा हिस्सा ठेवून दाखवल्या, तर पाहणाऱ्याला दोन रेषा दिसत नाहीत. एकच रेष सरकताना दिसते. काही वेळा तर पाहणाऱ्यांनी सांगितलं की रेष सरकलेली दिसलीच नाही, नुसतं सरकणं दिसलं. कर्त्याचा पत्ता नाही. १९१२ मध्ये त्यांनी हे छापलं आणि मानसशास्त्रात एक नवं घराणं सुरू झालं.

दुसरे होते धुंडिराज गोविंद फाळके. विलायतेहून कॅमेरा आणून ठेवलेला, चित्रपट काढायचा निश्चय पक्का, गाठीला पैसे नाहीत आणि सावकारांना हा काय उद्योग आहे ते समजेना. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, पुढे कॅमेरा मांडला आणि महिनाभर त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. सगळी मिळून मिनिटभराची फीत झाली: ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाली. पाहणाऱ्यांच्या कानामागच्या त्या दोन भागांनी कसलीही शहानिशा न करता ‘हललं’ म्हणून शिक्का मारला. खरं तर वाटाणा वाढताना कुणीच पाहिला नव्हता. फाळक्यांनीही नाही, त्यांनी महिनाभर निरनिराळे, जागचे न हलणारे वाटाणे पाहिले होते. कर्ज मात्र मिळालं, आणि त्याचं व्याज खरोखरच वाढत गेलं.